जपानची रंगीत तालीम: थेरगाव ते चाकण

मी नुकतीच टोकियो, क्योटो आणि ओसाका करून आले. तिन्ही ठिकाणी मराठी चालतं. रिक्षावाले मीटरने यायला तयार नसतात आणि ओसाकाच्या चौकात तर माणूस गाडीतल्या गाडीत म्हातारा होतो. ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठीच, कारण हे जपान थेरगावात सुरू होतं आणि चाकणच्या किल्ल्यात संपतं, आणि त्या वाटेने हौसेने हिंडायला कोणी निघत नाही. लोक तिकडे शिफ्टला जातात.

सगळं माझ्या नातीमुळे झालं. केतकी चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. येत्या वसंतात ती आणि तिची मैत्रीण जपानला जाणार होत्या, खायला आणि हिंडायला. कुठल्या गावात कुठला पदार्थ, कुठलं देऊळ, कुठली आगगाडी, सगळं केतकीने वर्षभर बसून आखलेलं. तेवढ्यात मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि तिची सगळी रजा त्यात गेली. केतकी तोंड पाडून ताटावर बसली होती. मी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मी येते."

माझा मुलगा संजय, म्हणजे केतकीचा बाप, हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"आई, तुझा गुडघा."

"तो पण येईल. त्याला वेगळं तिकीट लागत नाही."

"सत्तरी उलटली तुझी."

"म्हणूनच आत्ता विचारतेय. नव्वदीत विचारू का?"

केतकी मात्र हसली नाही. ती पोर सावध आहे. "आज्जी, तुझ्या खाण्याचं मला टेन्शन नाही," ती म्हणाली. "तू दुखलं तरी सांगत नाहीस, त्याचं आहे. दिवाळीत अंगात ताप होता आणि तू चकल्या पाडत होतीस. तिकडे परक्या गावात पडलीस तर मला कळणार कधी?"

मग तिनेच तोड काढली. शनिवार, रविवार आणि रजा टाकून सोमवार, असे तीन दिवस इथल्या इथे तालीम करायची. तिकडे जे करायचं ते सगळं इथे करून बघायचं. चालणं, बॅग ओढणं, जपानी जेवण, जपानी रीतभात. आणि अट एकच: दुखलं, दमलं, नको झालं, की त्याच क्षणी सांगायचं. तीन दिवस बघून ती ठरवणार, माझं तिकीट काढायचं की नाही.

मी हो म्हणाले. मनात मात्र अटीचा सोपा अर्थ लावून घेतला. सांगण्यासारखं काही आहे असं तिला दिसूच द्यायचं नाही.

इथे एका बाईची ओळख करून द्यायला हवी. सुमन तिचं नाव. पन्नासेक वर्षांपूर्वी ती लग्न होऊन थेरगावात आली. ती मीच, पण आता रस्त्यात भेटली तर मी तिला फारशी ओळख देणार नाही. थेरगाव ते पिंपरी एकटीने बसने जायचं म्हटलं की ती सोबतीला शेजारीण शोधायची. लोणावळा तिच्या लेखी परदेशात होतं. आमच्या ह्यांच्या कंपनीतले एक जण ट्रेनिंगला जपानला जाऊन आले आणि घरी येऊन फोटो दाखवायला लागले, तेव्हा ही शहाणी म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन भातच खायचा होय?" सगळे हसले, आणि ती महिनाभर त्या हसण्यावर फुगून बसली होती. तिला धरून एखाद्या बुलेट ट्रेनमध्ये बसवावं आणि बाहेरून दार लावून घ्यावं असं मला हल्ली फार वाटतं.

कारण हे गेल्यापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. बसचा पास काढलाय. कुठलीही बस धरते, शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, उतरून चहा पिते आणि परत येते. भोसरी झालं, निगडी झालं, आळंदी तर दर पंधरवड्याला. कंडक्टर विचारतात, "मावशी, कोणाकडे?" कोणाकडेच नाही रे बाबा. कपाटात पासपोर्ट आहे, लेकीकडे दुबईला जायचं म्हणून काढलेला. तिला बाळ झालं ते तिच्या सासरी नाशिकला, दुबई राहून गेली, आणि पासपोर्ट अजून कोरा करकरीत आहे. तो बघितला की मला माझीच कीव येते.

शनिवार: थेरगाव, म्हणजे टोकियो

टोकियोत म्हणे असा एक चौक आहे की सिग्नल पडला की चारी बाजूंनी हजारो माणसं एकदम रस्ता ओलांडतात, आणि जगभरचे लोक ते बघायला जातात. केतकीने मला सकाळी डांगे चौकात उभं केलं. फरक एवढाच की तिकडे माणसं सिग्नलसाठी थांबतात. आमच्याकडे माणसं सतत ओलांडत असतात आणि सिग्नल आपला बिचारा लाल-हिरवा होत एका बाजूला उभा असतो.

"धावायचं नाही," केतकी म्हणाली. "हात दाखवत गाड्या अडवायच्या नाहीत. हिरव्याची वाट बघायची."

आम्ही हिरव्याची वाट बघत उभ्या राहिलो. एका भाजीवाल्या दादांना वाटलं आम्हाला ओलांडता येत नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला पलीकडे नेऊन सोडलं. केतकी अलीकडेच राहिली. टोकियोत पहिल्या पाच मिनिटांत मी हरवले, ते असं.

पिंपरीहून मेट्रो धरली. ही आमची बुलेट ट्रेन. इथला नियम: डब्यात मोठ्याने बोलायचं नाही, फोनवर तर मुळीच नाही. मी बॅग पायांत धरून शहाण्यासारखी बसले. पुढच्या स्टेशनला माझ्या जावेची बहीण चढली, विमलबाई. डब्याच्या त्या टोकाकडून तिने मला हेरलं.

"अगं सुमन, कुठं निघालीस बॅग घेऊन?"

मी हात जोडून कमरेत वाकले. जपानी रीत.

"अगं, बोलत का नाहीस? बरं नाही का?"

मी पुन्हा वाकले. ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि केतकीला म्हणाली, "मौन धरलंय का हिने?"

केतकी हळू आवाजात म्हणाली, "हो, तीन दिवसांचं."

"संजयच्या नोकरीसाठी का?"

आता हे असं झालंय की आमच्या सगळ्या नातलगांत संजयची नोकरी गेल्याची बातमी आहे. तो घरी प्रत्येकाला फोनवर समजावतोय. मी त्याला म्हटलं, रीतभात पाळायची म्हणजे थोडं सोसावं लागतं.

दुपारी परत पिंपरीत येऊन एका जपानी हॉटेलात गेलो. दारात जपानी अक्षरांचा पडदा, आत कंपन्यांचे साहेब, आणि समोर मोठ्या वाडग्यात गरम रसातल्या शेवया. चॉपस्टिकचा सराव मी घरी शेंगदाण्यांवर केला होता, पण शेंगदाणा शेवईसारखा घसरत नाही. खरी गंमत ऐकण्यात होती. शेजारच्या टेबलावरचे साहेब, टाय लावलेले, केस चोपून बसवलेले, सुर्रकन आवाज करत शेवया ओढत होते. तिकडे भुरका मारला नाही तर स्वयंपाक्याला वाटतं, आवडलं नाही.

मी वाडगं खाली ठेवून बराच वेळ हसत बसले. आमचे हे आमटीचा असा भुरका मारायचे की वाड्याबाहेरची गाय मान वर करायची. आणि आमची ती सुमन, थेरगावात चार सुशिक्षित शेजारणी बघितल्यावर तिला सभ्यपणाचा झटका आला होता. तिने ह्यांच्या ताटाशेजारी चमचा ठेवायला सुरुवात केली. आवाज आला की डोळे वटारायची. तो गरीब माणूस जन्मभर चमच्याने मुकाट आमटी प्यायला. आणि तिकडे हे लोक. मी वाडगं उचललं आणि ह्यांच्या वाटचा म्हणून एक भुरका असा मारला की साहेबांनी वळून बघितलं आणि मान तुकवली.

"पास," केतकी म्हणाली.

रविवार सकाळ: देहू, म्हणजे क्योटो

क्योटो देवळांचं गाव. तिथे आवाज करायचा नाही, घाई करायची नाही, आणि चहाच्या समारंभाला गुडघे मोडून टाचांवर बसायचं. आपल्याकडे ह्याला वज्रासन म्हणतात आणि ते जेवणानंतर दहा मिनिटं करतात. तिकडे चहा आटोपेपर्यंत करतात, आणि चहा लवकर आटोपत नाही.

आम्ही सकाळी देहूला पोचलो. देवळात दर्शन घेतलं, घाटावर आलो. इंद्रायणीत पाण्याचा रंग काही केतकीच्या फोटोतल्यासारखा नव्हता, पण काठाशी मासे होते, आणि एक आजोबा त्यांना चुरमुरे टाकत होते. केतकी म्हणाली, क्योटोच्या तळ्यांत असेच रंगीत मासे असतात. मी आजोबांना विचारलं, "ह्यांच्यासाठी रोज येता का?" ते म्हणाले, "घरी कोण वाट बघतंय? हे तरी तोंड उघडतात." मी त्यांच्याकडून मूठभर चुरमुरे घेतले आणि टाकले.

मग केतकीने घाटाच्या दगडावर पंचा अंथरला. "बस, आज्जी. मी चहा करते असं समज."

मी टाचांवर बसले. डोळे मिटले. वारा चांगला होता. थोड्या वेळाने पाय माझे नाहीत असं वाटायला लागलं, मग पुन्हा माझे आहेत असं वाटायला लागलं, आणि ते जास्त वाईट होतं. केतकीने हवेतला चहा हवेतल्या कपात ओतला, कप फिरवून माझ्या हातात दिला. मी फिरवून प्यायले. उठताना डाव्या गुडघ्यातून कट असा आवाज आला. केतकीने एकदम बघितलं.

"काय झालं?"

"बांगडी वाढली वाटतं," मी म्हणाले, आणि उगीच मनगट चाचपलं.

तिथून गाडीपर्यंत मी फार निरखत चालले. हे झाड बघ, तो कळस बघ, ही मोदकवाली बघ. जिथे गुडघा थांबा म्हणायचा तिथे मला काहीतरी बघण्यासारखं सापडायचं. देहू मी इतकं बारकाईने पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं.

रविवार दुपार: चऱ्होली, म्हणजे कोणाचं तरी घर

चऱ्होलीत मी लहानपणी मावशीकडे जायचे, तेव्हा तिथे ऊस होता. आता त्याच जागी टॉवर उगवलेत, आणि त्यातल्या एकात, फार वरच्या मजल्यावर, हारुको-सान राहते. तिचा नवरा केतकीच्या कंपनीत इंजिनिअर आहे. बाई पन्नाशीची, चणीने लहान, हसताना तोंडावर हात धरणारी. तिला चार शब्द मराठी येतात, मला चार शब्द जपानी. बाकीचं केतकी.

घरात चपला काढून वळवून ठेवायच्या, तोंड दाराकडे. हे मला आवडलं. जाताना त्या आपल्याच वाटेकडे बघत तयार असतात. आपल्याकडे लग्नघरात चपला शोधण्यात निम्मा आहेर विसरतो.

हारुकोने जवाचा गार चहा दिला. भाजलेल्या जवाचा, तांबूस, साखर नाही, दूध नाही. चव नाचणीच्या आंबिलीच्या लांबच्या बहिणीसारखी. मी प्यायले. पेला खाली ठेवला. तिने लगेच भरला. आता समोर भरला पेला ठेवून उठायचं म्हणजे अन्न टाकणं झालं. मी प्यायले. तिने भरला. मी प्यायले. बाईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली होती, पण हात थांबत नव्हता. माझ्याही चेहऱ्यावर दिसत असणार.

शेवटी केतकीने माझा हात धरला. "आज्जी, पेला रिकामा झाला की भरायचा, ही त्यांची रीत आहे. नको असेल तर भरलेलाच ठेवायचा. त्यांना वाटतंय तुला फार तहान लागलीय."

"मला वाटलं त्यांना जवाचा माल संपवायचाय."

केतकीने हे जपानीत सांगितलं. हारुको तोंडावरचा हात विसरून हसली. मग मी तिला आमच्याकडची गोष्ट सांगितली, केतकीमार्फत. एकदा होळीच्या दिवशी ह्यांनी कंपनीत मशीन शिकवायला आलेल्या एका जपानी गृहस्थांना घरी जेवायला आणलं होतं. आमच्या सुमनबाईंनी पुरणपोळी वाढली. पाहुण्याने ताट पुसून खाल्ली. आपल्याकडे रिकामं ताट म्हणजे काय? वाढा. त्यांच्याकडे वाढलेलं टाकणं म्हणजे काय? अपमान. ती वाढत राहिली, तो संपवत राहिला. नको म्हणायचं दोघांनाही ठाऊक नव्हतं. सुमन स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंना अभिमानाने सांगत होती, "बघा, माझ्या हातची किती आवडली." आणि बाहेर तो माणूस पांढरा पडून लोडाला टेकलेला. ह्यांनी त्याला हिंगाचं पाणी पाजलं. तेही त्याने संपवलं.

हारुको हसता हसता डोळे पुसत काहीतरी म्हणाली. केतकीने सांगितलं, "त्या म्हणतायत, तो माणूस घरी जाऊन सांगत असेल की भारतात मरता मरता वाचलो, पण यजमानीण फार प्रेमळ होती."

परतीच्या वाटेवर आळंदी रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती. आणि माझ्या पोटात जवाचा सगळा चहा. मला केतकीला सांगता आलं असतं. मी खिडकीतून बाहेर बघत अष्टक म्हणत बसले.

"आज्जी, ठीक आहेस ना?"

"मजेत."

घरी पोचल्यावर मी इतक्या घाईने जिना चढले की गुडघ्यालाही तक्रार करायला वेळ मिळाला नाही. ती त्याने नंतर केली, व्याजासकट. संध्याकाळी मी खोलीचं दार लोटून घेतलं, गुडघ्याला बाम चोळला आणि वास जावा म्हणून चंदनाच्या दोन अगरबत्त्या लावल्या. सूनबाई बाहेरून म्हणाली, "आई, आज काय विशेष?" म्हटलं, "मन प्रसन्न आहे."

सोमवार: चाकण, म्हणजे ओसाका

ओसाका म्हणजे खाण्याचं गाव. पोट फुटेपर्यंत खायचं आणि किल्ला बघायचा. चाकणला दोन्हीची सोय आहे. फक्त तिथवर पोचायचं असतं. आमच्यापुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूच्या कंटेनरवर नव्याकोऱ्या गाड्या एकावर एक चढलेल्या, आणि त्या आमच्यापेक्षा आरामात बसलेल्या. केतकी फोनवर वेळापत्रक बघून कासावीस होत होती. जपानमध्ये म्हणे गाडीला मिनिटभर उशीर झाला तरी माफी मागतात. "इथे कोणी मागायची?" मी विचारलं. ती म्हणाली, "आज्जी, प्लीज."

कंपनीच्या गेस्ट हाऊसवर जपानी इंजिनिअर राहतात. ते सगळे कामावर गेले होते. स्वयंपाकघरात मंदाबाई होत्या, चाकणच्या पलीकडच्या गावच्या, हिरवं लुगडं, वर एप्रन. केतकीने आधी कळवलं होतं, म्हणून त्यांनी ओसाकाचा पदार्थ करायला घेतला होता. कोबी बारीक चिरून पिठात कालवलेला, वर अंडं, तव्यावर जाड पसरून.

"ह्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्यांचं नाव लांबलचक हाय. आमी कोबीचं धिरडं म्हनतो. सायेब लोक पन आता धिरडंच म्हनत्यात."

"आणि भात?"

"इंद्रायनी. पयल्यांदा कंपनीनं बासमती धाडला. त्ये लोक काड्यांनी एकेक शीत उचलत बसायचे, जेवन सरायचं न्हाई. म्या म्हनलं, मावळातला इंद्रायनी आना, चिकट भात, गोळा हुतो. तवापासून खुशीत हायेत."

मी धिरड्याचा तुकडा तोंडात टाकला. वर गोडसर काळा रस होता. मला त्यावर लसणाचं तिखट हवं होतं, आणि मंदाबाईंनी न विचारता पुढे केलं. आमची केतकी म्हणाली, "तिकडे हे मिळणार नाही हं." मंदाबाई म्हणाल्या, "तवर खाऊ द्या की."

"साहेब लोक चांगले आहेत का?" मी विचारलं.

"लई गुनाचे. पन एक खोड. दुखलं-खुपलं सांगत न्हाईत. मागं एकाला दोन दीस ताप. डबा तसाच परत येतुया, तवा मला कळलं. इचारलं तर म्हनं, दाइजोबु. म्हंजी सगळं ठीक. जिन्यात बसला व्हता, उठता येईना, आन तोंडात दाइजोबु." त्यांनी धिरडं उलथलं. "असल्या मानसाचं करायचं कसं वो? देव बी इचारून दमंल."

केतकी माझ्याकडे बघत होती. मी धिरड्याची फार तारीफ केली.

जेवून आम्ही किल्ल्याकडे गेलो. ओसाकाचा किल्ला आठ मजली, आत लिफ्ट आहे. चाकणचा भुईकोट, गावातच आहे, घरं त्याला टेकून उभी आहेत, आणि लिफ्ट कोणी लावलेली नाही. एके काळी याने मोठी फौज अडवून धरली होती. आता तो शांतपणे गवत अडवून धरतो. खंदकाची खूण, तटाचा तुकडा, एक ढासळलेला बुरूज. मला तो फार आवडला. पडलाय, पण जागा सोडलेली नाही.

केतकी पुढे गेली. "आज्जी, इथून ये. पायऱ्या तुटल्यात, पण चढता येतं. वरून फोटो काढू."

मी उजवा पाय वरच्या दगडावर टाकला. डावा मागून आला नाही. वरचा पाय वर, खालचा खाली आणि मी मध्ये, वामनाने तिसरं पाऊल टाकायला घेतलं आणि त्याला पेटका आला तर कसा दिसेल, तशी.

"येतेस ना?"

"तू हो पुढे. मी इथला दगड बघते."

"दगडात काय आहे?"

"घडाई बघ किती सुरेख."

मला ते आणखी बराच वेळ चालवता आलं असतं. दगडाबद्दल बोलायला मी कधी कमी पडले नसते. पण केतकी वर उभी राहून फोन धरून वाट बघत होती आणि मला एकदम दिसलं की तिकडेही असंच होणार. ती वर, मी खाली दगडाची स्तुती करत, आणि त्या देशात दगडाला काय म्हणतात तेही मला ठाऊक नसणार. मग मी दाइजोबु म्हणणार. तेवढा शब्द आत्ताच शिकले होते.

"केतू," मी म्हणाले, "दुखतंय. चढवत नाही."

ती खाली आली. "आत्ता लचकला?"

"नाही. कालपासून आहे. देहूपासून."

मी एका दगडावर बसले. ती उभीच. रागावली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो, हे तिने माझ्याकडून घेतलंय.

"काल संध्याकाळी बामाचा वास आला होता मला," ती म्हणाली. "चंदन आणि बाम. असला धूप कुठल्या देवाला लागतो, आज्जी?"

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगतेस का ते बघत होते. तालीम त्याचीच होती ना. खाण्याची नव्हती."

गवतात एक बकरी चरत होती, तीही थांबून बघायला लागली.

"देहूतच सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"काल सांगितलं असतं तर आज चाकण झालं असतं का? खरं सांग."

ती विचार करत राहिली. पोर खोटं बोलत नाही. "नसतं झालं," ती म्हणाली. "मी रद्द केलं असतं."

"मग? तू संजयचीच मुलगी. कोणाचं काही दुखलं की तुम्ही त्याला उचलून घरी बसवता. घरी बसून गुडघा दुखायचा थांबत नाही गं. तिथेही दुखतोच. फक्त बघायला काही नसतं."

केतकी माझ्या शेजारच्या दगडावर बसली. बकरीने आमच्यातला रस सोडला. मला वाटलं, गेलं जपान. कोरा पासपोर्ट कोराच राहणार, आणि मी उद्या पुन्हा भोसरीची बस धरणार.

"बरं," ती म्हणाली. "मग अट दोघींना. तू दुखणं लपवायचं नाहीस. आणि तू सांगितलंस म्हणून मी गाव रद्द करायचं नाही. थांबू, टॅक्सी करू, एक दिवस हॉटेलात लोळू, दुसऱ्या दिवशी जाऊ. पण गाव रद्द नाही."

"लिहून देतेस?"

"आज्जी."

"बरं, राहू दे."

तिने फोनमध्ये जपानचा सगळा बेत उघडला आणि मान खाली घालून काटछाट करायला लागली. "हिरोशिमा काढते. कोबे काढते."

"आत्ताच म्हणालीस रद्द नाही म्हणून."

"ते दुखल्यावर. हे आधीच काढतेय."

मग आम्ही दोघींनी त्या दगडावर बसून मंडईतल्यासारखी घासाघीस केली. मी म्हटलं, नागोया काढ, तिथे म्हणे नुसत्या मोटारींच्या कंपन्या आहेत, त्या मला घरबसल्या दिसतात. त्याच्या बदल्यात नारा ठेव, तिथे हरणं माणसाच्या हातून खातात. ती म्हणाली, नारा ठेवते, पण क्योटोत तू खुर्चीवर बसून चहा पिणार. मी म्हटलं, खुर्चीवर बसून चहा मी थेरगावातही पिते. ती म्हणाली, मग नारा काढते. मी म्हटलं, खुर्ची चालेल.

घरी आलो तेव्हा संजय दारातच होता. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी त्याला नुकताच नोकरीबद्दल धीर देऊन गेला होता, त्यामुळे तो आधीच वैतागलेला.

"आई, पाय ओढतेस तू. दुखतोय का?"

'छे रे' तोंडात तयारच होतं. चाळीस वर्षं ते तयार असतं. केतकी चपला काढता काढता थांबली.

"दुखतोय," मी म्हणाले. "बराच."

संजयने लगेच मुलीकडे बघितलं, आता हे सगळं थांबेल अशा आशेने. केतकी आत गेली. फ्रीजमधला बर्फ पंच्यात गुंडाळून आणला, माझा पाय स्टुलावर घेतला, गुडघ्यावर पुरचुंडी ठेवली आणि शेजारी बसून लॅपटॉप उघडला. विमानाचं चित्र आलं, त्यात छोट्या छोट्या चौकटी.

"आज्जी, जागा कुठली घेऊ? खिडकीची?"

"खिडकीची," मी म्हणाले. ढग बघायचे होते मला, समुद्र बघायचा होता, खाली कुठला देश चाललाय ते बघायचं होतं. तिने बोट त्या चौकटीवर नेलं.

"थांब," मी म्हणाले. "मधल्या वाटेकडेची घे. मला सारखं उठावं लागतं."